पाच पानांचा पेपर आणि हवाल्यांची खातेवही

ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाला राजाजीनगर हे नाव बंगळूरला न जाताही ओळखीचं असतं. एस. आर. रंगनाथनांच्या पुस्तकांच्या नंतरच्या आवृत्त्या शारदा रंगनाथन एन्डाउमेंट या संस्थेने काढल्या, आणि त्यांवर प्रकाशकाचा पत्ता म्हणून राजाजीनगरचा तिसरा ब्लॉक छापलेला असे. रंगनाथनांनी पत्नीच्या नावाने उभी केलेली ही संस्था. त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम आणि कोलन वर्गीकरण पुण्या-नागपूरच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या हाती आलं, ते हा पत्ता मिरवत.

एरवी ही वस्ती विद्येसाठी प्रसिद्ध आहे असं कोणी म्हणणार नाही. स्वातंत्र्यानंतर राजाजींच्या, म्हणजे भारताचे शेवटचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने वाढलेलं उपनगर. छोट्या कारखान्यांची औद्योगिक वसाहत, कामगार विम्याचं मोठं रुग्णालय आणि त्याला जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय, टेकडीवरचं इस्कॉनचं देऊळ, आणि २०१४ पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो. पण इथून मल्लेश्वरम ओलांडलं की भारतीय विज्ञान संस्था लागते. जुने बंगळूरकर तिला अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, आणि ते खरंच आहे. जमशेदजी टाटांनी तिच्यासाठी बाजूला काढलेल्या मालमत्ता मुंबईतल्या होत्या. या संस्थेत प्रथिनांची रचना उलगडणारा एखादा संशोधक घ्या. आज त्याची ओळख करून देताना तीन आकडे आधी सांगतात: पेपर किती, सायटेशन (म्हणजे इतरांनी दिलेले हवाले) किती, एच इंडेक्स किती. त्याने कोणतं प्रथिन उलगडलं, हे नंतर, आणि तेही कोणी विचारलं तर.

या आकड्यांचं कूळ शोधत गेलं की विज्ञानाच्या प्रयोगशाळेत नव्हे, वकिलाच्या कचेरीत पोचायला होतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने १८७३ साली डिंक लावलेल्या चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. तिथला कायदा पूर्वीच्या निवाड्यांवर चालतो. तुमच्या बाजूचा एखादा जुना निवाडा सापडला, पण वरच्या न्यायालयाने तो मधल्या काळात उलटवला असेल, तर भर कोर्टात फजिती. म्हणून शेपर्डच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असे की अमुक निवाड्याचा उल्लेख पुढे कोणत्या कोणत्या निवाड्यांत आला, तो उचलून धरला की फेटाळला. वकिलाने ती चिठ्ठी आपल्या जाडजूड ग्रंथात त्या निवाड्याशेजारी चिकटवायची. पुढे चिठ्ठ्यांची पुस्तकं झाली. इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच. किती वेळा उल्लेख झाला याच्याशी वकिलाला कर्तव्य नव्हतं. उल्लेख कसा झाला, एवढंच त्याला हवं होतं.

मोजायला पहिल्यांदा बसले ते ग्रंथपालांच्या अडचणीपायी. १९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांचा लेख 'सायन्स' साप्ताहिकात आला. छोट्या कॉलेजच्या वाचनालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं विकत घ्यावीत, असा त्यांचा साधा प्रश्न होता. उत्तरासाठी त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा एका वर्षाचा गठ्ठा घेतला आणि त्यातल्या तळटिपा मोजल्या. ज्या नियतकालिकांची नावं वारंवार आली, ती घ्या. हा हिशेब खरेदीचा होता. लेखक थोर की सामान्य, हे त्यात कुठेच नव्हतं.

रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, पण हाडाचा गणिती कुठे जातो? वाचनालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावावं ही कल्पना त्यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या एका परिषदेत मांडली आणि तिला 'लायब्रेमेट्री' असं नाव दिलं. कपाटांची मांडणी, पुस्तकांची देवघेव, कामाच्या पाळ्या हे त्यांचे विषय होते. पुढे ते बंगळूरला स्थायिक झाले आणि १९६२ साली त्यांनी तिथे दस्तऐवज संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. आज सायटेशन मोजण्याचं शास्त्र आपलं गोत्र सांगताना रंगनाथनांचं नाव घेतं. पण त्यांचा दुसरा नियम प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतो आणि तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पुस्तकांची पहिली, दुसरी, तिसरी अशी वर्गवारी लावणारा नियम त्या पाचांत नाही.

आता यूजीन गारफिल्ड. न्यूयॉर्कचा हा तरुण वैद्यकीय साहित्याच्या सूची करण्याच्या कामात पडला होता. शेपर्डच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अडेर नावाच्या गृहस्थाने १९५३ च्या सुमारास पत्रातून त्या चिठ्ठ्यांची पद्धत कळवली, आणि हेच विज्ञानात का करू नये, हा विचार गारफिल्डच्या डोक्यात शिरला. १९५५ साली 'सायन्स'मध्ये त्याचा लेख आला. त्याची मागणी अशी होती की एखादा पेपर हाती आला तर त्यानंतर त्याच्यावर कोणी काय म्हटलं, हे एका जागी मिळावं. चुकीची, अपुरी किंवा खोटी माहिती लोक डोळे मिटून पुढे वापरतात, त्याला आळा बसावा. म्हणजे इथेही शेपर्डचाच हेतू: टीका शोधणं. चार वर्षांनी जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्गने आपणहून पत्र लिहून त्याला धीर दिला आणि सरकारी पैसा मिळवायला मदत केली. १९६३ साली पहिली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाली. १९६१ या वर्षाची ६१३ नियतकालिकं, त्यांतले सुमारे १४ लाख हवाले, पाच खंड. कोणाच्या पेपरचा कोणी कुठे हवाला दिला याची ही खातेवही, आणि प्रत्येक नोंद फक्त जमेच्या रकान्यात. शेपर्डच्या चिठ्ठीवर निवाडा फेटाळला की तसं लिहिलेलं असे. गारफिल्डच्या खंडांत ती खूण राहिली नाही, कारण लाखो तळटिपा वाचून प्रत्येकीचा सूर ठरवणं कोणाला परवडणार?

त्याच १९६३ साली 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी'त पृष्ठ ९५ ते ९९ वर मद्रासहून आलेलं एक टिपण छापलं गेलं. लेखक तीन: जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन. जीवरसायनाचं आज कोणतंही पाठ्यपुस्तक उघडा, या पाच पानांतली आकृती त्यात असतेच. पण ती पाच पानं लिहिली गेली ती एका टीकेमुळे.

रामचंद्रन एर्नाकुलमचे, जन्म १९२२ चा. बंगळूरला विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झाले, केंब्रिजला जाऊन आले आणि तिशी गाठतानाच १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठात भौतिकीचे प्रमुख झाले. स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल त्या वर्षी मद्रासला आले असताना बोलण्यात म्हणाले की कोलॅजनची रचना अजून कोणाला नीट उलगडलेली नाही. कोलॅजन म्हणजे कातडी, स्नायुबंध आणि हाडं यांतलं मुख्य प्रथिन. ते मिळणार कुठे? शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती, आणि तिच्याकडे कांगारूच्या शेपटीचा स्नायुबंध होता! त्याचे क्ष-किरण फोटो काढून रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ च्या 'नेचर'मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली. पुढच्या वर्षी ती सुधारून त्यांनी तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या दाखवल्या.

त्याच १९५५ साली अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांचा कोलॅजनवरचा लेख 'नेचर'मध्ये आला. तीन साखळ्यांचा पीळ त्यांना मान्य होता. पण मद्रासच्या नमुन्यात काही अणू एकमेकांच्या फार जवळ आले आहेत, इतक्या जवळ अणू राहूच शकत नाहीत, असं म्हणून त्यांनी तो नमुना बाजूला सारला आणि स्वतःचा मांडला. त्यात दर तीन अमिनो आम्लांमागे दोनऐवजी एकच हायड्रोजन बंध होता. दोन वर्षांपूर्वी डीएनए उलगडलेल्या क्रिकचा शब्द. मद्रासमध्ये त्याने काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

गारफिल्डच्या पद्धतीने हिशेब केला तर रिच आणि क्रिक यांच्या लेखामुळे रामचंद्रन-कार्था यांच्या खात्यावर एक सायटेशन जमा होतं. स्तुतीचं जेवढं, तेवढंच. ज्या लेखाने त्यांची रचना चुकीची ठरवली, त्याने त्यांचा आकडा वाढवला. आणि मोजणीबाहेर जे घडलं ते असं: रामचंद्रन हट्टाला पेटले. अणू किती जवळ येऊ शकतात हे कोणी ठरवलं? त्यांनी तोवर उलगडलेल्या अमिनो आम्लांच्या आणि पेप्टाइडांच्या स्फटिकरचना गोळा करून प्रत्यक्षात अणूंमधली अंतरं किती सापडतात याची यादी केली. क्रिकला अशक्य वाटलेल्या काही जवळिकी निसर्गात खरोखर होत्या. यादी हातात आल्यावर प्रश्न मोठा झाला. फक्त कोलॅजनच कशाला? कोणत्याही प्रथिनाच्या साखळीला किती प्रकारे वळता येतं, तेच ठरवू.

प्रथिनाच्या कण्यात प्रत्येक अमिनो आम्लापाशी दोन बंध फिरू शकतात. त्यांच्या फिरण्याचे दोन कोन, फाय आणि साय. दोन्ही उणे १८० ते अधिक १८० अंशांपर्यंत. एक आडवा घेतला, दुसरा उभा, की एक चौकोन तयार होतो आणि साखळीचं प्रत्येक शक्य वळण त्या चौकोनात एक ठिपका होतं. आता अणूंना घट्ट गोळे समजा, आणि ज्या ठिपक्यावर दोन गोळे एकमेकांत घुसतात, तो खोडून टाका. हे सगळं त्या काळी मेजावरच्या गणकयंत्रावर, कोनामागून कोन घेत करावं लागलं. खोडून झालं तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश चौकोन रिकामा होता. उरल्या त्या थोड्या जागा: वरच्या डाव्या बाजूला पसरट पत्र्यांसारख्या रचनांची, खाली डावीकडे उजव्या पिळाच्या अल्फा सर्पिलाची, आणि उजवीकडे डाव्या पिळाची एक चिमुकली. विशेष हे की त्या वेळी पूर्ण तपशिलात उलगडलेली प्रथिनं बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. पुढच्या दशकांत हजारो उलगडली, आणि त्यांचे ठिपके बहुतेक या जागांतच पडत गेले.

कोलॅजनच्या वादात शेवटी कोण जिंकलं, हे विचारायचं असेल तर तेही सांगतो. १९९४ साली हेलन बर्मन आणि सहकाऱ्यांनी कोलॅजनसारख्या एका पेप्टाइडचा स्फटिक उलगडला. पीळ तीन साखळ्यांचाच निघाला, म्हणजे मूळ कल्पना मद्रासची. थेट हायड्रोजन बंधांच्या बाबतीत मात्र रिच आणि क्रिक यांची बाजू सरस ठरली. पण वाद हरून रामचंद्रनांनी जे मिळवलं, ते जिंकून मिळालं असतं का, याची मला शंका आहे.

रामचंद्रन १९७० मध्ये मद्रास सोडून निघाले आणि विज्ञान संस्थेत त्यांनी रेणवीय जीवभौतिकी विभाग उभा केला. रामकृष्णन आणि शशिशेखरनही नंतर तिथे आले. १९७१ साली अमेरिकेत प्रोटीन डेटा बँक सुरू झाली, तेव्हा तिच्यात सातच रचना होत्या. त्याच वर्षी रामचंद्रनांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्याबरोबर एक वेगळाच पेपर लिहिला. अनेक बाजूंनी काढलेल्या सपाट क्ष-किरण चित्रांतून आतली घन वस्तू कशी उभी करायची, याची सोपी आणि वेगवान गणिती रीत त्यात होती. त्या ऑक्टोबरात लंडनमधल्या एका रुग्णालयात माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन झाला. सीटीच्या प्रतिमा घडवणारे अभियंते आजही एका गणिती गाळणीला 'राम-लॅक' म्हणतात. यातला राम म्हणजे प्रथिनांच्या नकाशाचाच माणूस, हे त्यांच्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं, आणि जीवशास्त्रज्ञांना सीटीची बाजू माहीत नसते. दोन वेगळ्या शास्त्रांची सायटेशन एकाच नावापुढे बेरीज करून लिहिली, तर तो आकडा नेमकं काय सांगतो?

रामचंद्रनांच्या विभागातली दुसरी एक कहाणी मराठी वाचकाला जवळची वाटावी, कारण तिच्यात शेंगदाणे आहेत, आणि दोन ओळखीची आडनावंही. शेंगदाण्यात एक लेक्टिन असतं. विशिष्ट साखरेला धरणारं प्रथिन. कर्करोगाच्या काही पेशींवर उघडी पडणारी एक साखर ते नेमकी ओळखतं, म्हणून त्याच्यात वैद्यकाला रस. एम. विजयन ऑक्सफर्डला डोरोथी हॉजकिन यांच्याबरोबर इन्सुलिनवर काम करून बंगळूरला परतले होते. त्यांच्या गटाने हे लेक्टिन हाती घेतलं. स्फटिक मिळाल्याचं टिपण १९८२ साली आलं. पहिलं नाव दिनकर साळुंके यांचं, पुढे ज्यांनी दिल्ली परिसरात मोठ्या संस्था चालवल्या. १९८५ साली या प्रथिनाचे चार भाग एकमेकांशी कसे जुळतात यावरचा पेपर आला, आणि त्यात नागपूर विद्यापीठातून भौतिकी शिकून आलेल्या शेखर मांडे यांचंही नाव आहे. मांडे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालक आणि नंतर सीएसआयआरचे महासंचालक झाले. पूर्ण रचना छापली गेली १९९४ मध्ये, अमेरिकन विज्ञान अकादमीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये, नऊ लेखकांच्या नावाने. चार भाग, पण त्यांची जुळणी अपेक्षित सममिती मोडणारी. ही विचित्र मांडणी पेपरच्या शीर्षकातच आहे.

स्फटिकापासून रचनेपर्यंत १२ वर्षं. कसर कोणाची नव्हती. बाहेरच्या देशांतले मोठे क्ष-किरण स्रोत आणि वेगवान संगणक इथे नव्हते, आणि कोडं अवघड होतं. आणि गारफिल्डच्याच संस्थेतून निघालेला इम्पॅक्ट फॅक्टर मोजतो तो काळ किती? दोन वर्षांचा. नियतकालिकात गेल्या दोन वर्षांत आलेल्या लेखांना यंदा सरासरी किती हवाले मिळाले, एवढंच. गारफिल्ड आणि अर्व्हिंग शेर यांनी तो काढला होता तो आपल्या सूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवायला, म्हणजे १९२७ च्या ग्रंथपालांच्याच कामासाठी. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून त्याचे अहवाल दरवर्षी निघू लागले, आणि वाचनालयाच्या खरेदीचं माप हळूहळू माणसांच्या नेमणुकांच्या बैठकीत जाऊन बसलं.

हे माप किती हलकं आहे, याचा नमुना स्फटिकशास्त्रातच घडला. गटिंगेनच्या जॉर्ज शेल्ड्रिक यांनी शेलएक्स नावाची संगणक प्रणाली वर्षानुवर्षं फुकट वाटली होती. २००८ साली त्यांनी 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या जुन्या, शांत नियतकालिकात प्रणालीचा छोटा इतिहास लिहिला आणि त्यात म्हटलं की प्रणाली वापरणाऱ्यांनी याच लेखाचा हवाला द्यावा. जगभर रोज शेलएक्स चालत होती. त्या एका लेखाच्या जोरावर नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपास होता, तो पुढच्या मोजणीत पन्नासच्या घरात गेला. दोन वर्षांची खिडकी पुढे सरकल्यावर तो पुन्हा खाली आला. बाकीचे लेखक, बाकीचे लेख, संपादक सगळे होते तिथेच. मला हा प्रसंग फार आवडतो. त्यात लबाडी कोणाचीच नाही, आणि तरी सगळा डोलारा उघडा पडतो.

साधन वापरलं की हवाला द्यायचा, कल्पना वापरली की द्यायची गरज नाही, अशी विज्ञानाची रीत पडली आहे. 'नेचर'ने २०१४ साली सर्वाधिक हवाले मिळालेल्या १०० पेपरांची यादी केली. पहिला होता १९५१ चा ऑलिव्हर लाउरी यांचा, प्रथिनाचं प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरचा, ३ लाखांहून अधिक हवाल्यांसह. वॉटसन-क्रिक यांचा डीएनएवरचा पेपर त्या शंभरात नाही. कारण डीएनए दुहेरी सर्पिल आहे हे सांगायला आता कोणी तळटीप देत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही गोष्ट आधीच हेरली होती: एखादा शोध इतका अंगवळणी पडतो की त्याचं मूळ दिसेनासं होतं.

रामचंद्रनांच्या नकाशाचं नेमकं हेच झालं. १९९३ साली लंडनहून 'प्रोचेक' नावाची प्रणाली आली. तुम्ही उलगडलेली रचना तिच्यात टाका, ती ठिपके रामचंद्रनांच्या चौकोनात मांडते आणि किती ठिपके निषिद्ध जागी पडले ते सांगते. रचना बरोबर आहे की नाही याची ती कसोटी ठरली. रोमन लास्कोव्स्की, जॅनेट थॉर्नटन आणि इतरांच्या त्या पेपरला १९६३ च्या पेपरच्या कितीतरी पट हवाले मिळाले आहेत. त्यांचा दोष काही नाही. त्यांनी नाव रामचंद्रन असंच ठेवलं. पण वापरणारा प्रणालीचा हवाला देतो आणि मूळ पेपरचा देत नाही. आज डेटा बँकेत प्रत्येक नव्या रचनेबरोबर तपासणी अहवाल असतो, आणि त्यात 'रामचंद्रन' या नावापुढे टक्केवारी. रचना २ लाखांवर गेल्या. एवढ्या वेळा ज्याचं नाव छापलं जातं, त्याच्या खात्यावर त्यातलं जवळजवळ काहीच जमा होत नाही. रामचंद्रनांना नोबेल मिळालं नाही, ते २००१ साली वारले, हेही इथेच लिहून ठेवतो.

एच इंडेक्स त्यांच्या मृत्यूनंतरचा. अर्जेंटिनात जन्मलेले आणि सॅन डिएगोत शिकवणारे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली तो मांडला. किमान २० हवाले मिळालेले २० पेपर असतील तर एच २०. एका भाग्यवान पेपरने आकडा फुगू नये, हा त्यांचा हेतू रास्त होता. पण याच हिशेबाने जन्मभरात पाचच पेपर लिहिणाऱ्याचा एच पाचाच्या पुढे जाऊ शकत नाही, मग ते पाच कोलॅजनचे असोत की नकाशाचे. त्याआधी वर्षभर गूगल स्कॉलर सुरू झालं होतं, आणि २०११ पासून त्यावर प्रत्येकाला आपलं खातं उघडून आकडा रोज पाहण्याची सोय झाली. आकडा फुकट झाला. त्याबरोबर तो निवड समितीच्या टेबलावर आला.

त्या समितीच्या टेबलाचा अनुभव आपल्याकडच्या प्राध्यापकांना वेगळा सांगायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली एपीआय गुणांची पद्धत आणली. पेपरला इतके गुण, परिषदेला इतके. बढतीसाठी गुण हवेत, गुणांसाठी पेपर हवेत, आणि पेपर छापायला पैसे घेऊन चार दिवसांत 'आंतरराष्ट्रीय' स्वीकृती देणारी नियतकालिकं हवीत. ती उगवली. आयोगाने मग मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली, आणि तीच या नियतकालिकांनी भरली. पुण्याचे भूषण पटवर्धन, श्रीधर गद्रे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये या यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं तपासून पाहिली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातून यूजीसी-केअर यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात चालायचं. राजाजीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयातही प्राध्यापकाला बढतीसाठी शोधनिबंध लागतात, आणि दिवसभर रुग्ण तपासून झाल्यावर संध्याकाळी ते लिहावे लागतात. त्या निबंधांतून काय वाचायला मिळतं, हा प्रश्न तिथेही शेवटीच येतो.

'करंट सायन्स'चं नाव वर आलं ते उगीच नाही. बंगळूरहून १९३२ पासून निघणारं हे नियतकालिक १९९५ ते २०१३ पी. बालराम यांनी संपादित केलं. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे पदवीधर, आणि रामचंद्रनांच्या विभागातले पेप्टाइडांच्या रचनांचे अभ्यासक. याच सुमारास नऊ वर्षं विज्ञान संस्थेचे संचालकही. त्यांच्या संपादकीयांत इम्पॅक्ट फॅक्टर, सायटेशन आणि पेपरांची मोजदाद हा विषय पुन्हा पुन्हा येतो. प्रथिनांच्या वळणांवर आयुष्य घालवलेल्या माणसाने या आकड्यांबद्दल इतकं लिहावं, याचं मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. स्वतःच्या इमारतीतल्या नकाशाचं सायटेशनचं गणित रोज डोळ्यांसमोर असल्यावर माणूस दुसरं काय करणार? तरी त्यांच्या संस्थेलाही आकड्यांचा मोह सुटलेला नाही, आणि सुटण्यासारखी परिस्थितीही नाही. जून २०२१ मध्ये क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत प्राध्यापकामागे सायटेशन या निकषात विज्ञान संस्थेला १०० पैकी १०० गुण मिळाले, आणि जगात पहिली म्हणून सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी झळकली. कोणत्या शोधासाठी, हे बातमीत नव्हतं. असण्याची सोयच नव्हती.

गारफिल्ड २०१७ साली वारला. १९८४ मध्ये त्याने आपल्या साप्ताहिक स्तंभात रंगनाथनांवर दोन भागांत मनापासून गौरवलेख लिहिला होता. आपल्या सूचीने माणसं तोलली जाऊ लागल्यावर तो सावधगिरीच्या सूचना देत राहिला. त्या फारशा कोणी मानल्या नाहीत. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची पारख करू नये असा जाहीरनामा तयार केला, त्यावर जगभरच्या हजारो लोकांनी सह्या केल्या. इकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये अनुदान आयोगाने केअर यादीही बंद केली. कोणतं नियतकालिक बरं, ते विद्यापीठांनी आपापलं ठरवायचं. म्हणजे उमेदवाराचे पेपर वाचून पाहण्याचं काम निवड समितीकडे परत आलं आहे. मुलाखती एका दिवसात उरकायच्या असतात, उमेदवार चाळीस असतात, आणि अर्जाच्या पहिल्या पानावर एच इंडेक्सचा रकाना अजून तसाच आहे.